बॅले : पायांची बाराखडी

बॅले म्हटलं की डोळ्यांसमोर येते पांढरा झालरीचा झगा घालून पायाच्या बोटांवर उभी असलेली मुलगी. आमच्या देवास-धारकडच्या जुन्या मंडळींना मात्र हा शब्द ऐकून वेगळंच काही आठवू शकतं. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ सुरू केला. पुढे गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी तो सांभाळला आणि तो आधी ग्वाल्हेरला, मग भोपाळला आला. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कठपुतळ्यांसारखे हलतात. तिथे बॅले म्हणजे नृत्यनाट्य. इथे मात्र आपण युरोपातल्या बॅलेची बाराखडी पाहू.

हा नाच इटलीच्या दरबारांत जन्मला आणि फ्रान्समध्ये वाढला. राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. त्याने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली. त्याचा नृत्यगुरू पिएर बोशां याने पायांच्या पाच स्थिती ठरवल्या, असं मानतात. म्हणूनच सगळी नावं फ्रेंच आहेत.

पाच स्थिती

पहिली : टाचा जुळलेल्या, चवडे बाहेरच्या दिशेने.
दुसरी : तशीच, पण दोन टाचांमध्ये साधारण एका पावलाचं अंतर.
तिसरी : पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या मध्याला टेकलेली.
चौथी : एक पाय पुढे, एक मागे, मध्ये पाऊलभर जागा.
पाचवी : पुढची टाच मागच्या पायाच्या बोटांना भिडलेली, पावलं घट्ट मिटलेली.

नवशिक्यांनी पहिल्या तीन स्थितींवरच रेंगाळावं. पाचवीची घाई नको.

तीन हालचाली

प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं. अर्ध्या प्लिएत टाचा जमिनीवरच राहतात आणि गुडघे पावलांच्या बोटांच्या रेषेत जातात. तांद्यू म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं; शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतात. रलवे म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. वर्गात हे सगळं ‘बार’ नावाच्या आडव्या दांडीला धरून करतात. घरी जड खुर्चीची पाठ किंवा खिडकीची कड चालते.

भरतनाट्यम शिकलेल्यांना पहिल्या स्थितीतला प्लिए बघून अरमंडीच आठवेल. दोन्हीकडे पाय खुब्यातून बाहेर वळतात. फरक पुढे आहे. भरतनाट्यमचा पाय जमिनीवर थाप देतो, तिच्याशी बोलतो. बॅलेचा पाय जमिनीला ढकलून वर जायला बघतो.

‘खुब्यातून’ हा शब्द लक्षात ठेवा. व्हिडिओ बघून शिकणारे पावलं जबरदस्तीने सरळ रेषेत आणतात आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. खुबा जेवढा वळेल तेवढीच पावलं वळवायची. कुणाचा कोन मोठा असतो, कुणाचा लहान. त्यात कमीपणा काही नाही. गुडघा दुखला तर थांबायचं. आणि टोकदार, कडक बूट स्वतःहून विकत घेऊन घालू नका. त्याआधी काही वर्षांची तयारी आणि शिक्षकाची नजर लागते.

राहता राहिला प्रश्न : हे आपल्यासारख्यांचं आहे का? मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, अमीरुद्दीन शाह वेल्डरचा. मनीष तर आधी बी-बॉइंग करायचा. मुंबईत येहुदा माओर या शिक्षकाने दोघांना घडवलं आणि अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला. सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा २०२० चा चित्रपट त्यांच्यावरून सुचलेला. त्यात मनीषने स्वतःच काम केलंय.

राजाच्या दरबारात ठरलेल्या पाच जागा आज चाळीतल्या खोलीतही मावतात. देवासच्या गच्चीवर का मावू नयेत? जवळ शिक्षक नसेल तर पहिली स्थिती, अर्धा प्लिए आणि पाठीचा ताठ कणा, एवढं रोज दहा मिनिटं करा. बाकीचं शिक्षक भेटेल तेव्हा.