समूहरचित नाटक म्हणजे काय?

समूहरचित नाटक (तयार संहितेऐवजी विषय घेऊन कलाकारांनी तालमीत मिळून घडवलेले नाटक) म्हटले की, ‘म्हणजे स्टेजवर सुचेल ते बोलायचे ना?’ असा प्रश्न हमखास येतो. तसे नसते.

इम्प्रोव्हायझेशन (ऐन वेळी सुचतील तसे संवाद आणि हालचाली करून पाहणे) हे इथे तालमीतले साधन आहे. एकच प्रसंग चार तऱ्हांनी करून बघतात, नेमके वाक्य सापडले की टिपून ठेवतात आणि बरेचसे सोडून देतात. गोधडीला घरातल्या सगळ्यांचे जुने कपडे लागतात, पण कुठला तुकडा कुठे बसवायचा हे ठरल्यावरच टाके पडतात. प्रयोगापर्यंत संवाद सहसा पक्के झालेले असतात.

लंडनच्या ‘थिएटर वर्कशॉप’ने जोन लिटलवुड यांच्या दिग्दर्शनाखाली १९६३ साली ‘ओ, व्हॉट अ लव्हली वॉर!’ असेच उभे केले. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची गाणी आणि त्या काळची कागदपत्रे हा कच्चा माल. विदूषकी पोशाखातले नट गात असतात आणि त्याच वेळी विजेच्या फलकावर मृतांचे आकडे सरकत असतात. इतकी अचूक मांडणी आयत्या वेळी सुचत नाही.

कोकणातल्या दशावतारात मात्र कथानक ठरवून संवाद प्रयोगातच रचतात. ती वेगळी, फार अवघड कला आहे.

एकांकिका स्पर्धेसाठी असे नाटक बसवणार असाल, तर पहिल्या तालमीपासून वही ठेवा आणि लेखनाचे श्रेय सगळ्यांना द्या.