४.७ सेकंद आणि एक पास

ह्यूस्टन, ४ एप्रिल २०१६. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजने हवेत लटकतच थ्री-पॉइंटर टाकला आणि स्कोअर ७४-७४! घड्याळात उरले ४.७ सेकंद. बॉल व्हिलानोव्हाचा.

बॉल आला रायन आर्चिडियाकोनोकडे. (जीभ अडखळली ना? त्याला सगळे ‘आर्च’च म्हणायचे.) लास्ट इयरचा पोरगा, टीमचा पॉइंट गार्ड, कॉलेजची शेवटची मॅच. त्याच्या जागी आपण असतो तर? देवाचं नाव घेऊन बॉल भिरकावला असता! आर्च ड्रिबल करत सुसाट निघाला, डिफेंडर त्याच्याकडे ओढले गेले आणि त्याने मागून येणाऱ्या क्रिस जेंकिन्सला अलगद पास दिला. जेंकिन्सचा शॉट हवेत असतानाच बझर वाजला. ७७-७४. व्हिलानोव्हा चॅम्पियन!

पोस्टरवर झळकला जेंकिन्स. ‘मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर’चा मान मात्र आर्चला.

पॉइंट गार्ड म्हणजे कोचचा कोर्टवरचा मेंदू. बॉल पुढे आणायचा, प्ले ठरवायचा, कोणाचा हात आज चाललाय आणि कोण गडबडलाय हे ओळखायचं. तेही ३० सेकंदांत, कारण तेवढ्यात शॉट घ्यावाच लागतो. एनबीएच्या प्लेऑफमध्ये सात मॅचेसची सीरिज असते, आज हरलात तर परवा भरून काढा. कॉलेजच्या ‘मार्च मॅडनेस’मध्ये ६८ टीम्स असतात आणि एकदा हरलं की थेट घरी. त्यात खेळणारी पोरं विशी-बाविशीतली. अशा वेळी डोकं शांत ठेवणारा एक जण लागतोच.

आर्चच्या टीममध्ये तेव्हा फर्स्ट इयरला होता जेलन ब्रन्सन. २०१८ मध्ये टीमची सूत्रं त्याच्या हातात होती आणि व्हिलानोव्हाने मिशिगनला ७९-६२ असं लोळवलं. खरं सांगायचं तर फायनलमध्ये ब्रन्सनचे पॉइंट्स फक्त ९. ३१ काढले बेंचवरून आलेल्या दॉन्ते दिविंचेन्झोने. पण टीमला तिथवर आणणारा सीझन ब्रन्सनचाच होता.

ते ४.७ सेकंद यूट्यूबवर जरूर बघा. पहिल्यांदा नजर जेंकिन्सवरच जाईल. दुसऱ्यांदा फक्त आर्चकडे बघा. आणि क्लिप थोडी आधीपासून लावलीत, तर उंचापुरा डॅनियल ओचेफू स्वतः मॉप घेऊन कोर्ट पुसताना दिसेल. आर्चची वाट मोकळी करायला त्याला तिथेच डिफेंडरच्या आड उभं राहायचं होतं.