साखळीचे अभ्यंगस्नान

दिवाळीत घरातला पाटा-वरवंटासुद्धा घासून निघतो; दारातल्या मोटारसायकलीची साखळी मात्र तशीच राहते. मग गिअर टाकताना ‘खट्ट’ झाले, की आपण गिअरपेटीला दोष देऊन मोकळे! पुष्कळदा खरी गुन्हेगार असते ती ही कोरडी, सैल साखळी. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली इंग्लंडात जिचे पेटंट घेतले, तीच ही रुळांची साखळी. तिच्या खिळ्यांवरचे वंगण संपले, की लोखंड लोखंडाला खाते, साखळी लांबते, आणि गिअर बदलताना तिचा झोल एकदम ताणला जाऊन हिसका बसतो.

तिच्या अभ्यंगाचा क्रम आपल्याहून उलटा : आधी स्नान, मग तेल. रॉकेलच्या फडक्याने पुसून, साखळी कोमट असताना आतल्या बाजूने 90 नंबरचे तेल सोडावे. झोल गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच ठेवावा. तरीही ‘खट्ट’ थांबले नाही, तर क्लचची तार तपासावी. क्लच पुरता सुटत नसेल.

मात्र एंजिन बंद करून, चाक हातानेच फिरवावे. फिरत्या साखळीत फडके अडकले, तर बोटही त्याच्यामागे जाते. तेल पुन्हा घालता येते; बोट पुन्हा येत नाही!