मागच्या बाकांची बालसखी

चौथीचा वर्ग. बाई फळ्यावर भागाकार मांडत आहेत आणि पुढच्या बाकांवरचे हात भराभर वर होत आहेत. मागची पाच-सहा मुले मात्र फळ्यावरचे नुसते उतरवून घेतात. त्यांना अजून जोडाक्षरही धड वाचता येत नाही. हजेरी पूर्ण, वह्या भरलेल्या. घरच्यांना पत्ता लागणार कसा?

मुंबई महापालिकेच्या शाळांतील अशा मुलांसाठी ‘प्रथम’ या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘बालसखी’ योजना सुरू केली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी. डी.एड. नाही, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास, शाळेच्या वेळातच, वेगळी घेऊन बसे. चौथीचे पुस्तक बाजूला ठेवून बाराखडी, सोपे उतारे आणि साध्या बेरजा.

२००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी या योजनेची कसून पारख केली. मुलांचे गुण वाढले होते आणि ती वाढ मुख्यतः तळाच्या मुलांत होती. विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच. ही मुले बाहेर गेल्याने वर्ग लहान झाला, तरी आत उरलेल्यांना त्याचा विशेष लाभ झाला नाही! ‘वर्गात मुले कमी असती तर...’ हे नेहमीचे गाऱ्हाणे तेवढ्यापुरते तरी लंगडे पडले.

मग दोष शिक्षकांचा? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षाअखेर पुस्तक संपवायचा धाक त्यांच्या डोक्यावर असतो. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास इयत्ता विसरून, पातळीनुसार गट करून शिकवले, तेव्हा मुलांचे हिंदी वाचन सुधारले.

तरीही ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्केच दुसरीचा उतारा वाचू शकली.

आपल्या मुलाची पारख घरीही दोन मिनिटांत होते. दुसरीच्या पुस्तकातला, पाठ न झालेला उतारा त्याच्यापुढे ठेवावा. अडखळले तर रागावू नये. पुढच्या पालकसभेत ‘गुण किती पडले’ याऐवजी ‘कोणत्या इयत्तेचे वाचता येते’ हे बाईंना विचारावे.