पहिली माउंटन बाइक शर्यत : सराव किती, विश्रांती किती?

सहा-आठ महिने नियमित सायकल चालवली, की सोबतचे कोणीतरी विचारतेच, "यंदा डोंगरातल्या शर्यतीला येतोस का?" नाव नोंदवले जाते आणि दोन प्रश्न सुरू होतात. सायकल चालवणारा विचारतो, "अजून किती सराव करू?" घरचे विचारतात, "हे जरा जास्तच होत नाही ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. सरावाने शरीर थकते. ते बळकट होते नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि आहारातून. हे लक्षात ठेवले तर पहिली शर्यत आनंदाची होते.

डोंगरातली सायकल वेगळी का?

डांबरी रस्त्यावर एका लयीत ४० किलोमीटर जाणे आणि मुरमाच्या चढावर, दगडगोट्यांतून १५ किलोमीटर जाणे यांत मोठा फरक आहे. चढावर मध्येच दम खायला सवड मिळत नाही, त्यामुळे हृदयाची गती बराच वेळ कमाल पातळीच्या जवळ राहते. उतारावर पाय मोकळे असले तरी हात, खांदे आणि कंबर धक्के सोसत असतात. त्यात शर्यतीची सुरुवात गर्दीत, जोरात होते. एरवी जो वेग आपण तासाभराने गाठतो, तो पहिल्या पाच मिनिटांत गाठला जातो.

म्हणून रस्त्यावरचा सराव चांगला असला तरी कच्च्या वाटेवर ब्रेक दाबणे, वळणे आणि तोल सांभाळणे यांचा सराव वेगळा करावा लागतो. हेल्मेट प्रत्येक वेळी हवेच.

आधी तपासणी कोणी करावी?

पुढीलपैकी काही लागू असेल तर शर्यतीचा सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा :

- मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा धूम्रपानाची सवय
- व्यायाम करताना छातीत दाब, चक्कर, धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप
- वडील किंवा भावाला ५५ वर्षांआधी, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांआधी हृदयविकार
- अनेक वर्षे बैठे काम आणि चाळिशी उलटलेली

ईसीजी किंवा ट्रेडमिल चाचणी लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. चाचणी चांगली आली म्हणजे पुढे होणाऱ्या त्रासाकडे दुर्लक्ष करायचे, असा अर्थ मात्र नाही.

औषधांबद्दलही विचारून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती कमी ठेवतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवरून श्रमाचा अंदाज चुकतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांबच्या सरावात, तसेच त्याच रात्री उशिरा, एकदम उतरू शकते.

ताकद वाढते केव्हा?

जोरदार सरावानंतर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते आणि त्यांतला साखरेचा साठा संपत आलेला असतो. हा साठा नीट भरायला साधारण एक दिवस लागतो, दुरुस्तीला त्याहून अधिक. दुरुस्ती पूर्ण होऊ दिली तर स्नायू आधीपेक्षा किंचित सक्षम होतो. रोजच जोर लावला तर दुरुस्ती अर्धवट राहते.

आणखी एक गोष्ट. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना बळकट व्हायला महिने लागतात. "आता काहीच थकवा येत नाही" म्हणून अंतर एकदम वाढवले, की नेमका तेव्हाच गुडघा दुखू लागतो.

आठवडा कसा आखावा?

नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास देणाऱ्यासाठी एक नमुना :

- दोन दिवस सावकाश, ४५ ते ६० मिनिटे. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.
- एक दिवस जोराचा. चढावर तीन-चार मिनिटांचे चार-पाच टप्पे, मध्ये तेवढीच विश्रांती.
- एक दिवस लांबचा, दोन ते अडीच तास, शक्यतो कच्च्या वाटेवर.
- दोन दिवस २० ते ३० मिनिटे स्नायूंचे व्यायाम : उठाबशा, प्लँक, जोर. सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही, म्हणून हाडांसाठीही हे गरजेचे आहे. हे सावकाश सायकलिंगच्या दिवशीच करावेत.
- किमान एक दिवस पूर्ण सुट्टी.

दर आठवड्याला थोडेच वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला सराव कमी करा. शर्यतीआधीच्या आठवड्यात तो निम्म्यावर आणा. शेवटच्या तीन दिवसांत 'राहून गेलेला' सराव भरून काढता येत नाही. केल्यास फक्त थकवा सोबत येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम पुरेसे आहेत. म्हणजे आरोग्य चांगले राहायला शर्यतीची गरज नाही. शर्यत ही आवड आहे आणि ती आवडीइतकीच ठेवावी.

सराव अति होतोय, हे कसे ओळखावे?

दवाखान्यात वारंवार दिसणारे चित्र असे असते : पहाटे साडेचारला उठणे, रात्री अकरापर्यंत काम, वजन उतरावे म्हणून जेवण कमी, आणि वेग घटला म्हणून सराव अजून वाढवणे. इथे औषधाआधी सुट्टीची गरज असते. ही लक्षणे पाहा :

- सकाळी उठल्यावरची नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा ५ ते १० ठोक्यांनी जास्त
- थकूनही झोप न लागणे, पाय सतत जड वाटणे
- वारंवार सर्दी-खोकला
- चिडचिड, सायकलचा कंटाळा
- स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे
- करंगळी, तळवा किंवा सीटवर बसण्याच्या जागी बधिरपणा (सायकलची मापेही तपासून घ्या)

दोन-तीन दिवस पूर्ण थांबा, नीट जेवा, झोपा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. अंगात ताप असताना सराव अजिबात करू नका. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो.

शर्यतीच्या दिवशी

तासाभरापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हवीत, म्हणजे साधारण दोन केळी किंवा काही खजूर. सरावात जे पचले आहे तेच खा. पाणी तहान लागेल तसे प्या. घाम खूप येत असेल तर ओआरएस सोबत ठेवा. तहान नसताना लिटरच्या लिटर नुसते पाणी पिण्याने रक्तातले सोडियम घटून धोका होतो. 'दुखू नये म्हणून' आधीच वेदनाशामक गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना तिचा मूत्रपिंडांना त्रास होतो.

पुढीलपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा :

- छातीत दाब, जबडा किंवा हातात वेदना, डोळ्यांपुढे अंधारी
- उन्हात असंबद्ध बोलणे, तोल जाणे. अशा व्यक्तीला सावलीत नेऊन अंगावर लगेच गार पाणी ओता.
- डोक्याला मार लागणे, भले नंतर बरे वाटत असले तरी

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायू असह्य दुखत असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायूंमधून सुटलेल्या घटकांमुळे मूत्रपिंडे बिघडू शकतात.

घरच्यांसाठी

चिडचिड, उडालेली झोप आणि ताटात उरणारे जेवण हे सर्वांत आधी तुम्हालाच दिसते. "सायकल बंद कर" म्हणण्याऐवजी "या आठवड्यात सुट्टीचा दिवस कोणता?" असे विचारा. शर्यतीच्या दिवशी आजार आणि औषधे लिहिलेला कागद त्यांच्या खिशात ठेवा.

पहिल्या शर्यतीत ठीकठाक पोहोचणे हेच उद्दिष्ट ठेवा. अवघड उतारावर सायकलवरून उतरून चालत जाण्यात कमीपणा नाही. त्यानंतरचा आठवडा हलका ठेवा. पुढच्या सोमवारी सायकल पुन्हा काढाविशी वाटली, तर सरावाचे प्रमाण बरोबर होते असे समजा.