जुलैचा आकडा मागा

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून एका वाचकाने विचारलं आहे: मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, त्याचं जहाज मुंबईतून निघाल्यावर काही तास मोबाइलच्या नकाशावर दिसतं आणि मग गायब होतं, ते का? समुद्रापासून सातशे किलोमीटर दूर राहूनही त्यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं आहे.

आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनी आणि त्याहून मोठ्या जहाजांवर एआयएस यंत्र सक्तीचं असतं. नाव, ठिकाण, वेग, दिशा हे सगळं ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास सतत पुकारत राहतं. किनाऱ्यावरची केंद्रं ते ऐकतात आणि मोबाइलच्या नकाशावर तेच दिसतं. या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी मात्र गोल. किनाऱ्यावरचा अँटेना १०० मीटर उंचीवर आणि जहाजाचा २५ मीटरवर असेल, तर साधारण ६० किलोमीटरवर बोलणं तुटतं. पल्ला दुप्पट करायचा तर उंची चौपट हवी. म्हणून असं केंद्र उभारणाऱ्याने महागडा रिसीव्हर घेण्याआधी उंच कडा शोधावा. दीपगृहं बांधणाऱ्यांनी प्रकाशासाठी हेच गणित केलं होतं. रत्नागिरीचं १८६७ चं दीपगृह रत्नदुर्ग किल्ल्याच्या उंचीवर आहे ते त्यामुळेच. देशाच्या एआयएस जाळ्यासाठी ७४ दीपगृहं निवडली गेली, हा मला फार समंजस निर्णय वाटतो.

पण हवाही यात हात घालते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटू लागले! वाळवंटावरून आलेली कोरडी, तापलेली हवा समुद्रालगतच्या दमट, गार हवेवर पसरते. खालच्या दमट थरात लहरी किंचित मंद चालतात, वरच्या कोरड्या थरात वेगाने. त्यामुळे त्यांचं तोंड खाली वळतं आणि पृथ्वीच्या गोलाईला धरून त्या पाण्यालगत पुढे जात राहतात. पावसाळा आला की हा थर मोडतो आणि रडार पुन्हा क्षितिजापुरतं उरतं. एआयएसच्या लहरी याच जातकुळीतल्या. तेव्हा एप्रिलमधल्या एखाद्या रात्री शेकडो किलोमीटरवरचं जहाज ऐकू आलं म्हणून कोणी तो आपल्या केंद्राचा पल्ला सांगू लागलं, तर जुलैचा आकडा मागावा.

एआयएस ऐकणारे उपग्रह आले, आता किनाऱ्यावरच्या केंद्रांची गरज काय, असंही ऐकू येतं. ते मला पटत नाही. एआयएसच्या प्रत्येक वाहिनीवर मिनिटाचे २२५० तुकडे असतात. पंगतीत पुढचं पान धरून ठेवावं तसं प्रत्येक जहाज शेजाऱ्यांचं ऐकून आपला पुढचा तुकडा राखून ठेवतं. उपग्रहाला मात्र अशा कितीतरी पंगती एकदमच दिसतात, आणि एकमेकांना कधीच न ऐकलेल्या जहाजांचे संदेश त्याच्याकडे एकाच क्षणी येऊन आदळतात. भर समुद्रात त्याचा उपयोग मोठा आहे. पण बंदराच्या तोंडाशी, जिथे दाटी सर्वांत जास्त, तिथे कड्यावरचा अँटेनाच भरवशाचा.

आणि जे जहाज बोलतच नाही, त्याचं काय? खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं 'पवित' हे टँकर जहाज महिनाभर वाहत आलं आणि ३१ जुलै २०११ रोजी थेट जुहूच्या वाळूत रुतलं. तोवर कोणाला पत्ता लागला नाही. अशा मुक्या जहाजासाठी रडारच हवं. तटरक्षक दलाने पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी किनारी टेहळणीची केंद्रं उभारली, त्यांत रडारही आहे. पण खवळलेल्या लाटांचे प्रतिध्वनी रडारच्या पडद्यावर सर्वांत जास्त गर्दी करतात तेही पावसाळ्यातच.