नाव रताळ्याचं, मिरवतो बटाटा

हिंदी पट्ट्यात आलू, तेलुगूत ‘बंगाळादुंपा’ म्हणजे बंगालचा कंद. मराठी, कोकणी आणि गुजरातीत मात्र बटाटा. हा शब्द आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांबरोबर उतरला. पण तो त्यांच्याही घरचा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा तो शब्द, आणि त्यांच्या तोंडी ‘बटाटा’ म्हणजे चक्क रताळं! 1492 मध्ये कोलंबस त्या बेटांवर पोहोचला आणि पुढे रताळं नावासकट युरोपात गेलं.

आपण ज्याचे वडे तळतो तो बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत तो ‘पापा’. युरोपात तो रताळ्यामागून आला आणि त्याचंच नाव त्याला चिकटलं. स्पेनमध्ये तर ‘बटाटा’ आणि ‘पापा’ यांची सरमिसळ होऊन ‘पटाटा’ झाला. इंग्रज वनस्पती-अभ्यासक जॉन जेरार्ड याने 1597 च्या ग्रंथात रताळ्याला नुसतं ‘पोटॅटो’ म्हटलं आणि बटाट्याला ‘व्हर्जिनियाचा पोटॅटो’. व्हर्जिनियाशी बटाट्याचा काडीचाही संबंध नव्हता, ते सोडा.

खरं तर दोघांत नातं असं फारसं नाहीच. रताळं हे फुगलेलं मूळ आहे, तर बटाटा हे जमिनीखाली वाढणारं खोड. बटाट्याचे ‘डोळे’ म्हणजे त्या खोडावरचे कोंब. उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो, कारण त्यात हरितद्रव्य तयार होतं. त्याच सुमारास सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं, म्हणून हिरवा बटाटा खाऊ नये. बटाट्याचे सख्खे सोयरे वांगी आणि टोमॅटो. चातुर्मासात वांगं वर्ज्य, पण त्याच कुळातला बटाटा उपवासाला चालतो. आपल्या शास्त्रात वनस्पतिशास्त्राला मत नसावं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार तर सुमारे 90 लाख वर्षांपूर्वी टोमॅटोच्या पूर्वजाचा एका कंद नसलेल्या जंगली वनस्पतीशी संकर झाला आणि त्यातून बटाट्याचा वंश सुरू झाला.

नावांची अदलाबदल आपणही केली. ‘रताळं’ आलं संस्कृत ‘रक्तालु’वरून, म्हणजे लाल कंद. अमेरिकेतून नवा कंद आल्यावर ते जुनं नाव त्याला देऊन आपण मोकळे झालो. ‘आलू’चंही तसंच.

पोर्तुगिजांना आता रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हणावं लागतं. शास्त्रीय नावात मात्र मूळ मालकाचा हक्क शाबूत आहे: रताळं ‘आयपोमिया बटाटास’, आणि बटाटा नुसता ‘सोलॅनम ट्यूबरोसम’.